न वाचलेल्या कादंबऱ्यांची यादी

मी ग्रंथपाल होते असं सांगितलं की आमच्या कोल्हापुरात समोरचा माणूस हमखास म्हणतो, "बरं हाय की. सावलीतलं काम." मग थोडं थांबून विचारतो, "दिवसभर वाचतच असशीला?" पहिली दहा वर्षं या प्रश्नावर मी चिडायचे. मिठाईच्या दुकानातला माणूस दिवसभर पेढे खातो का, असं उलट विचारायचे. आता चिडत नाही. निवृत्त झाल्यापासून मला खरंच वाचायला वेळ मिळतो, आणि वाचणाऱ्या माणसाला फार चिडता येत नाही.

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं काढली. खाली वर्तमानपत्रं आणि देवघेवीचं काउंटर, वर जिना चढून गेलं की कादंबऱ्यांची खोली. कपाटातली कादंबरी माणसाच्या पिशवीत घालणं, हे माझं खरं काम. ते दिसतं तितकं सोपं नाही. चरित्र मागणारा नाव घेऊन येतो. पाककृतीचं पुस्तक मागणारीला काय हवं ते ठाऊक असतं. कादंबरी मागणारा मात्र काउंटरवर कोपर टेकवतो आणि म्हणतो, "काय तरी चांगलं द्या." चांगलं म्हणजे काय, ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. काल घरात भांडण झालंय, मुलीचं लग्न ठरलंय, की नुसतंच पोट बिघडलंय?

त्यात आमच्याकडची रीत अशी की नवी कादंबरी आली की तिचं रंगीत कव्हर काढायचं आणि वर मरून रंगाच्या रेक्झिनची बांधणी चढवायची. पाठीवर पांढऱ्या शाईत क्रमांक. पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं, पण प्रेमकथा, खून आणि गावाकडची गोष्ट सगळ्या एकाच गणवेशात उभ्या राहतात. ही बांधणी करायचा आमचा दस्तगीर. कागदोपत्री शिपाई, पण हाडाचा बाइंडर. त्याच्या वडिलांनीही याच वाचनालयाची पुस्तकं शिवली. मी एकदा म्हटलं, कव्हरं राहू देऊया का? तर म्हणाला, "पुस्तक टिकलं पायजे बाई. नटून काय करायचंय त्येला?"

कादंबऱ्या खपाव्यात म्हणून मी सुरुवातीला दारातच एक टेबल मांडलं. वर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर नव्या कादंबऱ्या उभ्या करून ठेवलेल्या. दस्तगीरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं त्यांना झेंडूचा हार घातला. दिवसभर लोक लांबून बघून गेले. एका आजोबांनी चपला काढून नमस्कार केला. हात कुणी लावला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की आमचे वाचक कपाटाकडे जातच नाहीत. काउंटरच्या डाव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असायचा, तो वर नेऊन लावायच्या आतच बायका त्यावर तुटून पडायच्या. कुणीतरी नेलं होतं म्हणजे बरं असणार, हा साधा हिशेब. भाजी घेतानाही आपण गर्दी असलेल्याच बाईकडे थांबतो. तेव्हापासून मी एक लबाडी सुरू केली. वर कपाटात पडून राहिलेल्या चांगल्या कादंबऱ्या रोज सकाळी चार-पाच खाली आणायच्या आणि त्या ढिगात सरकवायच्या. संध्याकाळपर्यंत त्या गेलेल्या असायच्या. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

लबाडी पकडली ती अक्कांनी. अक्का मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन पेठेत आलेल्या. उन्हाळाभर लोकांच्या घरचा कांदा-लसूण मसाला करून द्यायच्या. त्यांनी नेलेली कादंबरी परत आली की काउंटरवर शिंका सुरू व्हायच्या. एक दिवस त्यांनी ढिगातलं पुस्तक उचललं, उघडलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"बाई, ह्ये कुणी परत केलं?"

"कालच एका वाचकानं."

"मग वाचलं कशानं? पानं चिकटल्याली हायती अजून."

मी गोरीमोरी झाले. अक्का हसल्या, पुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "असू द्या. तुमी दिलंय न्हवं, मग बरंच असंल." दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर रोज सकाळी त्या चार-पाच पुस्तकांची पानं भराभरा चाळून ती मऊ करून ठेवायचा.

आता खुणांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सगळी पुस्तकं एका रंगाची, नावं पुसट, त्यामुळे आपण हे वाचलंय की नाही हे वाचकाला कळत नसे. मग प्रत्येकानं आपापली सोय केलेली. अक्का एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका द्यायच्या. कुणी शेवटच्या पानावर छोटी फुली मारायचं, कुणी एका ठरावीक पानावर नावाचं पहिलं अक्षर घालायचं. घरी नेण्याआधी तेवढं पान उघडून बघायचं, खूण असली की पुस्तक परत ढिगात. मला हे सगळं ठाऊक होतं. तरीही मी चिडायचे. "पुस्तकांवर खुणा करू नयेत" अशी पाटी मीच रंगवून घेतली होती, आणि दुपारी काउंटर शांत असलं की रबर घेऊन बसायचे. एकेक पुस्तक साफ करायचे. शिस्तीचं मला भारी वेड.

सगळ्यात जास्त रबर खाल्लं ते हवालदारांनी. हे निवृत्त हवालदार, तरुणपणी तालमीत कुस्ती केलेले, आवाज अजून आखाड्यातलाच. फक्त रहस्यकथा न्यायचे आणि समासात शेरे लिहायचे. "पंचनाम्याला दोन पंच लागतात. इथे एकच." "प्रेत न बघता इन्स्पेक्टर चहा पितो. निलंबित करावे." मी त्यांना चांगलं झापलं.

"साहेब, पुस्तक वाचनालयाचं आहे."

"व्हय, पण चूक लेखकाची हाय की!" ते गरजले. वाचनकक्षातल्या सगळ्यांनी वर्तमानपत्रं खाली केली.

पण आठवड्याभरातच दोन कॉलेजची मुलं आली आणि "हवालदारांनी तपासलेली द्या" म्हणाली. तेव्हा मी पुस्तकांच्या पहिल्या पानाला टाचणीनं छोट्या चिठ्ठ्या लावायला लागले. "हवालदारसाहेबांनी तपासली. पंचनामा चुकला आहे, खुनी बरोबर." "अक्कांनी एका बैठकीत संपवली. मसाला करपला." रहस्यकथांचं कपाट महिन्याभरात रिकामं झालं. जाहिरात म्हणजे मोठी अक्षरं नव्हेत, ओळखीचं माणूस लागतं, हे मला तेव्हा कळलं. तरी पुस्तकातल्या खुणा मी पुसतच राहिले. चिठ्ठी माझी म्हणून ती शिस्त, आणि खूण वाचकाची म्हणून ती बेशिस्त!

महामारीत वाचनालय बराच काळ बंद राहिलं. दस्तगीरला घरी काही काम असावं म्हणून मी वरच्या खोलीतली फाटकी पुस्तकं त्याच्याकडे दिली. त्यानं ती सगळी नव्यानं शिवली, नवं रेक्झिन चढवलं आणि मागच्या पानावर तारखांची नवी चिठ्ठी चिकटवली. पुस्तक नेलं की त्या चिठ्ठीवर आम्ही परतीच्या तारखेचा शिक्का मारतो. जुन्या, शिक्क्यांनी भरलेल्या चिठ्ठ्या जुन्या पुठ्ठ्यांबरोबर गेल्या. माझ्या टाचणीच्या चिठ्ठ्याही त्यातच गेल्या.

दारं उघडली तेव्हा जुने वाचक हळूहळू येत होते, पण वेगळीच गर्दी झाली. स्पर्धा परीक्षेची मुलं. आजरा, जयसिंगपूर, कुठून कुठून आलेली, एका खोलीत पाच-पाच जण राहणारी. त्यांना घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून ती आमच्या जिन्यावर ओळीनं बसायची. आमचे कार्यवाह अण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, पोरं पायऱ्यांवर बसत्यात आणि वर कादंबऱ्या पाय पसरून झोपल्यात. बरं दिसतंय काय?"

बरं दिसत नव्हतं. समितीत ठरलं की तीन वर्षांत ज्या कादंबऱ्या कुणी नेल्या नाहीत त्या बाद करायच्या, उरलेल्या खाली दोन कपाटांत बसवायच्या आणि वरची खोली अभ्यासिकेला द्यायची. यादी मी करायची. म्हणजे ती खोली राहणार की जाणार हे माझ्या हातातल्या यादीवर ठरणार होतं, आणि मला वाटलं की मी ती अगदी चोख करीन.

मी ती चोखच केली, हेच तर दुःख आहे. दस्तगीर त्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता. मी एकटी खोलीत बसले. मागचं पान उघडायचं, चिठ्ठी कोरी दिसली की क्रमांक लिहायचा, पुस्तक डावीकडे ठेवायचं. दिवसाला एक कपाट. यादी इतकी लांब झाली की मलाच आश्चर्य वाटलं. आपले लोक इतकं कमी वाचतात, असं मनात म्हणून मी थोडी हळहळले, थोडी रागावले, आणि लिहीत राहिले. समोर नवं कोरं रेक्झिन चमकत होतं, ते कधी चढवलं, का चढवलं, हे डोक्यात आलं नाही. पहिल्या चार कपाटांचे गठ्ठे शनिवारी रद्दीच्या टेम्पोत गेले. पावतीवर सही माझी.

सोमवारी दस्तगीर लग्नाचे लाडू घेऊन आला. व्हरांड्यात पुढच्या खेपेचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले. त्यानं डबा खाली ठेवला, एका गठ्ठ्यातलं पुस्तक ओढलं, पाठीवरून बोट फिरवलं.

"बाई, ही कशाला भाईर काढलासा?"

"न वाचलेली आहेत. चिठ्ठ्या कोऱ्या आहेत सगळ्यांच्या."

"चिठ्ठी मी चिकटवली, ती कोरीच असणार की!" दस्तगीरचा आवाज कधी चढत नसे, तो चढला. "फाटल्याबिगर माझ्याकडं पुस्तक येतंय व्हय? आन् वाचल्याबिगर फाटतंय व्हय?"

मी तिथंच व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सगळ्यात जास्त वाचलेल्या कादंबऱ्या फाटल्या होत्या, फाटल्या म्हणून शिवल्या गेल्या, शिवल्या म्हणून कोऱ्या दिसल्या, आणि मी त्यांना न वाचलेल्या ठरवून बाहेर काढलं होतं. ज्यांना क्वचितच कुणी हात लावला होता ती पुस्तकं जुन्याच बांधणीत, महामारीच्या तोंडावरचे दोन-तीन शिक्के मिरवत, कपाटात सुरक्षित होती. एकतीस वर्षांत एवढी मोठी चूक मी केली नव्हती.

रिक्षा करून रद्दीवाल्याकडे गेले. "कालच माल गेला की, बाई," तो म्हणाला. कुठल्या कागदगिरणीत गेला तेही सांगितलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

अण्णासाहेबांना मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते रागावले नाहीत. पण म्हणाले, "मॅडम, सभासदांची सभा रविवारी आहे. ठराव झालेला आहे. पोरांना शब्द दिलाय. आता तुम्ही म्हणता ही वाचलेली पुस्तकं. पुरावा काय?" पुरावा म्हणजे देवघेवीच्या जुन्या वह्या. त्या माळ्यावर होत्या, आणि माळ्यावर वाळवी होती. उरल्या पुस्तकातल्या खुणा. त्या मी रबरानं पुसल्या होत्या.

हे मी काउंटरवर बसून अक्कांना सांगत होते. रडू येत होतं, ते मी आवरत होते. मागे वर्तमानपत्र वाचत बसलेले हवालदार उठून आले.

"पेन्शिलीनं लिवल्यालं रबरानं जात न्हाय," ते म्हणाले. "काळं जातंय, दाब राहतोय. एक पुस्तक आणा हिकडं."

त्यांनी पुस्तक खिडकीशी नेलं, एकविसावं पान उन्हात तिरकं धरलं. आकड्याखाली एक बारीक खळगा दिसत होता. अक्कांनी वाकून बघितलं. "माझाच हाय," त्या म्हणाल्या. "मी दाबून देते."

पुढचे पाच दिवस त्या व्हरांड्यात पंचनामा चालला. पंचनामाच, दुसरा शब्द नाही. हवालदारांनी सतरंजी घातली, वही घेतली आणि पहिली ओळ लिहिली: "आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून..." पंच दोन, एक अक्का आणि एक दस्तगीर. अक्कांनी गल्लीतल्या बायकांना निरोप धाडला. खुणा केल्या म्हणून मी ज्यांना कधीकाळी बोलले होते त्या सगळ्या आल्या. कुणी फुली ओळखली, कुणी अक्षर. एका बाईंनी पान नुसतं नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "ह्ये अक्कांच्या मागनं मी न्हेलतं, मसाला हाय अजून." हवालदार क्रमांक, पान आणि खूण नोंदवत होते. ज्या ठिकाणी मी अगदी मन लावून पुसलं होतं तिथं ते लिहायचे, "खूण ग्रंथपालांनी नष्ट केलेली, तरी अंशतः शाबूत." मी त्याखाली सही करायची. तशी मी तीस-चाळीस वेळा तरी केली असेल.

रविवारच्या सभेला एरवी बारा माणसं असतात. त्या दिवशी बायकांनी जिना भरला, आणि जिन्यावर बसणारी मुलं उभी राहिली. अण्णासाहेबांनी पंचनामा शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे यादी बरोबर आहे, फक्त उलटी आहे." पुस्तकं भिंतीला लावायची, मधे मुलांची टेबलं घालायची, असं ठरलं. दाटी झाली, पण झालं. परीक्षेच्या अभ्यासानं डोकं उठलं की मुलं मान वर करतात, आणि मान वर केली की समोर कादंबरीच असते. काही जणं घेऊन जायला लागली. एवढी चांगली जागा मी एकतीस वर्षांत त्या कादंबऱ्यांना मिळवून दिली नव्हती, आणि ही मिळाली तीही माझ्यामुळे नाही.

सभेनंतर सगळे चहा प्यायला गेले. मी वर जाऊन पहिल्या खेपेच्या यादीची कार्बन प्रत काढली. गेलेल्या चार कपाटांतलं काय काय गेलं, हे निदान नीट बघावं म्हणून. तिसऱ्या पानावर एक क्रमांक होता, तो मला पाठ होता. धरणाखाली गेलेल्या गावातल्या दोन जावांची ती कादंबरी. अक्का दर वर्षी पावसाळ्यात, मसाल्याचं काम थांबलं की, तीच न्यायच्या. वाचलेली आहे हे ठाऊक असून मुद्दाम न्यायच्या. इतक्या वेळा नेली की ती दोनदा शिवावी लागली. क्रमांक माझ्याच अक्षरात होता, वळणदार, खाडाखोड नसलेला.

मी दुसरी प्रत शोधली. प्रकाशन कधीच बंद पडलेलं. इतर वाचनालयांना पत्रं घातली, जयसिंगपूरच्या एका शाळेचं कपाटही जाऊन बघितलं. मिळाली नाही.

पाऊस लागला तशा अक्का आल्या. "बाई, माझी ती काढा की."

पाच दिवस मांडी घालून त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, ज्या पुस्तकांवर त्यांची खूण नव्हती त्यांच्यासाठीसुद्धा. मला खरं सांगायचं होतं. तोंडातून आलं ते असं: "बाहेर गेलीय, अक्का. कुणीतरी नेलीय."

"कोण वो?"

"नवीन वाचक आहे, एक मुलगी."

मला वाटलं त्या हिरमुसतील. त्यांचं तोंड एकदम फुललं. "व्हय? बरं झालं की! इतकी वर्सं एकटीच वाचत बसल्याली मी. कुणासंगं बोलावं म्हणलं तर कुणाला ठावं न्हाय."

त्यानंतर त्या आल्या की विचारायच्या, कुठवर आलीया ती? मीही सांगायला लागले. आत्ता धाकटी जाऊ घरात आलीय. आत्ता मोजणीची माणसं आलीत. आत्ता गाड्या भरतायत. मी ती कादंबरी एकदाच वाचली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. त्या बोलायच्या त्यावरून मला पुढचं आठवायचं, आणि आठवलं नाही तिथं मी त्या वाचकाला आजारी पाडायचे. एकदा सगळं सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्या घरापर्यंत गेले, दारात मसाल्याचा तिखट खाट नाकात गेला, शिंकले, आणि चहा पिऊन परत आले.

निवृत्तीच्या दिवशी सगळे भेटायला आले, अक्काही आल्या. जाताना माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "संपली का तिची?"

"अजून चाललंय," मी म्हणाले.

"सावकाश वाचू दे तिला," अक्का म्हणाल्या. "मला काय घाई न्हाय."